मजुरी वाढवली, तरी काम का वाढत नाही?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. दिंडोरी तालुक्यात चार चुलत भावांच्या नावावरची मिळून ६० एकर द्राक्षबाग आहे. कारभार पाहणारे भाऊ मुलुंडला राहतात, नोकरी बीकेसीत, शेतावर जाणं शनिवार-रविवारी. दोन हंगामांत दोनदा मजुरी वाढवली. पहिले काही आठवडे काम चांगलं झालं, मग पुन्हा तेच. विरळणी (घडातले जादा मणी कातरणं) ढिली होते, निर्यातीला जाणाऱ्या मालाचं प्रमाण घसरलंय आणि ऐन कामात टोळी निघून जाते. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. कंपन्यांत मनुष्यबळ विभाग जे करतो त्याचा शेतावर खरंच उपयोग होतो का? मुकादम ठेवावा की कृषी पदवीधर सुपरवायझर? आणि हजेरीसाठी ॲप घ्यावं का?

माझी सुरुवात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या कामगार विभागात झाली. पुढे द्राक्ष, डाळिंब आणि पॉलिहाउसमधल्या फुलशेतीच्या मोठ्या मालकांसाठी हेच काम करत आलो. त्या अनुभवावरून सांगतो: उपयोग होतो, आणि कारखान्यापेक्षा शेतावर जास्त होतो, कारण कारखान्यात निम्मं काम यंत्राच्या वेगाने होतं, बागेत सगळं माणसाच्या हाताने. पण तुमच्याकडे अडचण दराची नाही. तुमच्यात आणि मजुरात जो माणूस उभा आहे त्याची, आणि हिशोब ज्या रीतीने होतो त्याची आहे. मजूर आजच्या कामाचे किती पैसे, कधी आणि कोणाच्या हातून मिळणार हे सकाळीच जाणत असेल तर तो एका रीतीने काम करतो, जाणत नसेल तर दुसऱ्या. दर वाढवून हा फरक भरून निघत नाही.

पहिले काही आठवडे काम सुधारलं आणि मग ओसरलं, हे तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर टिपलंय. भारतातल्या एका मोठ्या चहाच्या मळ्यात अर्थशास्त्रज्ञांनी हेच मोजलं, २०१६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे पानं खुडणाऱ्या बायकांचा ठरलेला रोज वाढवला आणि किलोमागे मिळणारा जादा पैसा जवळजवळ सपाट केला. साधा हिशोब लावला तर काम कमी व्हायला हवं होतं. झालं उलट. पहिल्या महिन्यात खुडणी २० ते ८० टक्क्यांपर्यंत वाढली, आणि चार महिन्यांत ती वाढ विरून गेली. वाढीव रोजाबद्दल माणसाला बरं वाटतं, तो मालकाचं देणं मनापासून फेडतो, मग तोच रोज त्याचा नेहमीचा रोज होतो. यात मजुराची लबाडी नाही. तुमच्या बीकेसीतल्या कचेरीत पगारवाढीच्या पत्रानंतरही हेच घडतं. फरक इतकाच की तिथे पगारवाढीच्या मागे वर्षभर चालणारी व्यवस्था असते, आणि बागेत दर वाढवून मालक मुंबईला परततो.

आता बागेतल्या कामाचा एक गुण लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरची कामं दोन जातींची आहेत. डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावणं, काडी बांधणं, घडाला पेपर लावणं यात चूक झाली तर त्याच संध्याकाळी दिसते. विरळणीचं तसं नाही. घडातले कोणते मणी कातरले, किती ठेवले, घडाच्या खांद्यापाशी गर्दी राहिली का, याचा निकाल दोन-अडीच महिन्यांनी पॅकहाउसच्या टेबलावर लागतो. तिथे मणी १६ मिलिमीटरच्या आत राहिलेला दिसतो, घड आतून दाटलेला दिसतो, पण तोवर ती विरळणी करणारी टोळी आपल्या गावी, पेठ किंवा सुरगाण्याला, परत गेलेली असते. म्हणजे ज्याने चांगलं काम केलं त्याला ते कळत नाही, ज्याने उरकलं त्यालाही कळत नाही. अशा कामात दर कितीही लावा, माणूस वेगाकडेच झुकणार, कारण वेगच तेवढा आज मोजला जातोय.

म्हणून विरळणी एकरी उक्ती देऊ नका. पेपर लावणं उक्तं द्या, जरूर द्या, तिथे ते शोभतं. विरळणीला रोज ठेवा आणि वर तपासणीचा भाग जोडा: दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकीच्या ओळीतली चार-पाच झाडं, कोणती ते चिठ्ठीने काढून, तिच्यासमोर पाहायची. ठरवल्याप्रमाणे असतील तर त्या दिवसाचा जादा पैसा तिच्या नावावर लागला. तपासणी तिच्यासमोर व्हायला हवी, हे मी मुद्दाम सांगतो. पाठीमागे केलेली तपासणी मजुराच्या लेखी कापाकापीचं निमित्तच असते, आणि बहुतेक शेतांवर ती खरोखर तशीच वापरली गेलेली असते, त्यामुळे त्यांचा संशय रास्त आहे.

काढणीच्या कामाबद्दल इंग्लंडमधल्या एका मोठ्या फळबागेतला अभ्यास मालकांना मी नेहमी सांगतो. ओरियाना बांदिएरा, इवान बारांके आणि इम्रान रसूल या तिघांनी तो केला, २००५ पासून त्यावर लेख येत गेले. त्या बागेत पूर्व युरोपातून हंगामापुरते आलेले मजूर फळं तोडत. आधी पद्धत अशी होती की एखाद्याचा मेहनताना त्या दिवशीच्या सगळ्यांच्या सरासरीशी ताडून ठरे. म्हणजे एकाने हात जोरात चालवला की सरासरी वर जाई आणि बाकीच्यांना कमी पैसे पडत. मग मालकाने तोडलेल्या मालाच्या किलोमागे सरळ दर लावला. माणसं तीच, बाग तीच, आणि दरमाणशी तोडणी निदान ५० टक्क्यांनी वाढली. आधी लोक आळशी होते का? नाही. शेजारच्या ओळीत आपला गाववाला, आपल्याबरोबर एकाच खोलीत राहणारा मित्र असेल तर लोक मुद्दाम हात आखडता घेत होते, त्याचं नुकसान होऊ नये म्हणून.

आपल्याकडे टोळीला ठोक रक्कम देतो आणि ती आतल्या आत वाटली जाते, तेव्हा याच्याच जवळचं काहीतरी घडतं. चपळ बाई हात आवरते, कारण तिच्या जादा कामाचा वाटा कुठे जातो ते तिला दिसत नाही. काढणीला क्रेटमागे दर लावा, पण मण्यावरचा मेणासारखा पांढरट थर पुसला गेलेला, देठ दाबलेला माल त्यात धरायचा नाही. आणि एकदा हंगामाचा दर बोललात की मधे बदलायचा नाही. मजुरांनी अपेक्षेपेक्षा जास्त क्रेट भरले म्हणून दर उतरवणारे मालक मी पाहिलेत. पुढच्या हंगामात त्यांच्या बागेत कोणीही जोर लावत नाही, आणि वर्ष-दोन वर्षं ते कारण शोधत राहतात.

आता मुकादमाकडे येतो, कारण तुमच्या पत्रात खरी गाठ तिथे आहे. तुम्ही लिहिलंय की मुकादमच माणसं आणतो, तोच काम करून घेतो, शनिवारी पैसे त्याच्याच हातात देता, आणि पावसाळ्यातली उचलही त्याच्याच मार्फत जाते.

मुंबईकराला हा माणूस नवा नसावा. तुमच्या-माझ्या आजोबांच्या पिढीने तो गिरणगावात पाहिला आहे, त्याचं नाव जॉबर. गिरणीत भरती तोच करी, खात्यात देखरेख तोच करी, अडीअडचणीला व्याजाने पैसे तोच देई, आणि काम टिकवायचं तर त्याला दस्तुरी, म्हणजे पगारातला हिस्सा, द्यावी लागे. मालकाला वाटे आपला माणूस आहे, कामगाराला वाटे आपला माणूस आहे. त्याचं बिनसलं की त्याच्या मागे खात्यातली माणसं निघून जात. १९२९ साली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला, त्यात जॉबरच्या हातातली भरती काढून घ्या आणि त्यासाठी कामगार अधिकारी नेमा, अशी शिफारस होती. १९३४ च्या मुंबई कायद्याने सरकारी कामगार अधिकारी आला. १९३५ साली गिरण्यांत बदली नियंत्रणाची पद्धत सुरू झाली: गैरहजर माणसाच्या जागी रोजावर लागणाऱ्या बदली कामगारांना कार्ड द्यायचं आणि रोजची रिकामी जागा त्या कार्डधारकांतूनच भरायची, म्हणजे दारात उभं राहून जॉबरची मर्जी राखायला नको. आज ज्याला आपण मनुष्यबळ विभाग म्हणतो, त्याचं एक मूळ या मुंबईत, जॉबरच्या प्रश्नात आहे. परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची श्रमविज्ञान संस्था आहे, कामगार अधिकारी घडवण्याचं काम तिथे चालत आलंय. शेतीपर्यंत मात्र हे शिक्षण फारसं पोचलंच नाही. कारखान्याला लागू असलेले बरेच कामगार कायदे बागेला लागू नाहीत, मळ्यांसाठीचा १९५१ चा कायदा चहा, कॉफी, रबर अशा पिकांपुरताच होता, आणि किमान वेतनाच्या कायद्यात १९४८ सालापासून शेती असूनही ते तपासायला बागेत कोण येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मुकादमाला काढून टाका असं मी म्हणत नाही. तो गेला तर माणसं येणार नाहीत, आणि तो स्वतः बहुतेक वेळा मजुरीतूनच वर आलेला, आपल्या पाड्याशी बांधलेला माणूस असतो. पण त्याच्या हातातली तीन कामं वेगळी करा. माणसं आणणं त्याच्याकडे ठेवा, आणि त्याचं कमिशन मजुरांच्या पैशातून न कापता तुम्ही स्वतः, वेगळं, लिहून द्या. देखरेख दुसऱ्याकडे द्या. पैसे देणं तुमच्याकडे घ्या. या तिघांपैकी एकच गोष्ट यंदा जमणार असेल तर पैसे देण्यापासून सुरुवात करा.

सुपरवायझर कृषी पदवीधर असावा की अनुभवी, यावर माझं मत असं की विरळणी आणि डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) स्वतःच्या हाताने करून दाखवता येणारा असावा. पदवी असेल तर चांगलंच. त्याचा पगार कशाला बांधलाय हे जास्त महत्त्वाचं. इंग्लंडच्या त्याच बागेत पुढचा प्रयोग देखरेख करणाऱ्यांवर झाला. त्यांना ठरावीक पगार होता तोवर ते आपल्या देशाच्या, आपल्या खोलीशेजारच्या मजुरांना सोप्या ओळी, रिकामे क्रेट आधी देत होते. गटाच्या उत्पादनावर त्यांना बोनस लावला तेव्हा लक्ष ओळखीच्या माणसांवरून कामाच्या माणसांकडे गेलं आणि उत्पादन २१ टक्क्यांनी वाढलं. पण नुसत्या उत्पादनाला बोनस बांधलात तर आपल्याकडचा सुपरवायझर शिव्या घालून काम काढेल. म्हणून मी दोन भाग करायला सांगतो: निम्मा बोनस पॅकहाउसमध्ये निर्यातीच्या प्रतीत किती माल बसला यावर, निम्मा पुढच्या हंगामात त्याच्या हाताखालचे किती मजूर परत आले यावर. दुसरा भाग ऐकून मालक चकित होतात. पण परत येणारी बाई तुमची बाग जाणते, तिला पुन्हा शिकवावं लागत नाही, ती नवीन दोघींना शिकवते. बागेतलं कौशल्य तिच्या बोटांत साठतं, आणि ती दुसरीकडे गेली की तेही तिच्याबरोबर जातं.

उचलीचा प्रश्न नाजूक आहे आणि त्यावर शहरातून बोलताना आपण घाई करतो. आषाढ-श्रावणात सुरगाण्याच्या घरात धान्य संपलेलं असतं, आवणीचा, म्हणजे भातलावणीचा, खर्च असतो, कोणी आजारी असतं. त्या वेळी उचल हाच कर्जाचा एकमेव दरवाजा असतो. त्यामुळे उचल बंद करणं म्हणजे त्या घराला सावकाराकडे पाठवणं. बिघाड होतो तो उचल हंगामाच्या कमाईएवढी किंवा त्याहून मोठी झाली की. मग हंगामभर मजुराच्या हातात फक्त आठवड्याची खर्ची पडते, बाकी सगळं उचलीत वळतं होतं. त्याने आज दहा झाडं जास्त केली काय किंवा कमी केली काय, शनिवारी हातात येणारी रक्कम तीच. मग तो जोर का लावेल? तुम्ही वाढवलेला दर त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, मुकादमाच्या वहीत जिरला. माझी शंका आहे की तुमच्या बागेत नेमकं हेच झालंय. पुढच्या खेपेला प्रत्येक मजुराला वेगवेगळं, एकट्याला विचारा की गेल्या हंगामाअखेर हातात किती उरले.

उचल द्यायची तर घरटी, थेट, दोघांच्या सहीने किंवा अंगठ्याने, लहान रकमेची द्या, आणि आठवड्याच्या कमाईतून ठरलेला छोटा भागच वळता करा. हंगाम संपताना थोडी बाकी राहिली तरी माणसाला जाऊ द्या. उचलीसाठी माणूस अडकवून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, हे मालकांना सहसा कोणी सांगत नाही.

पैसे कधी मिळतात याचाही कामावर परिणाम होतो. ओडिशात पत्रावळी करणाऱ्या मजुरांवर झालेल्या एका प्रयोगात एकूण मजुरी तीच ठेवून काहींना तिचा मोठा भाग कामाचे दिवस संपायच्या आधीच हातात दिला. पैसे मिळाल्यानंतरच्या दिवसांत त्यांचं उत्पादन सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं, चुका कमी झाल्या, आणि ही वाढ मुख्यतः जास्त गरिबांमध्ये दिसली. डोक्यात दुकानदाराची उधारी फिरत असली की हात चुकतो. विरळणीसारख्या कामात, जिथे बाईने एकेका घडाकडे नीट पाहायचं असतं, तिथे याचं मोल मोठं. म्हणून पैसे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी द्या. बाजाराच्या दिवशी दुपारी नाही, आणि ‘बँकेत अडकलंय, पुढच्या आठवड्यात देऊ’ असं तर कधीच नाही. खात्यावर पाठवायचं असेल तर आधी बघा की पाड्यापासून पैसे काढायची जागा किती लांब आहे. आणि बाईचे पैसे बाईच्या खात्यात किंवा हातात. जोडीचा एकत्र हिशोब नवऱ्याच्या नावावर लिहिण्याची रीत मोडा.

बायकांच्या मजुरीवर थांबायलाच हवं. द्राक्षबागेत विरळणी, डिपिंग, पॅकिंग ही सगळ्यांत बारकाईची कामं बायका करतात, आणि बहुतेक बागांत बाईचा रोज गड्याच्या रोजापेक्षा कमी लिहिला जातो. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झालाय. कायदा बाजूला ठेवला तरी ज्या हातांवर तुमचा निर्यातीचा माल अवलंबून आहे त्यांना सगळ्यांत कमी देऊन बारकाईची अपेक्षा कशी करता येईल? ओडिशातल्याच, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की बरोबर काम करणाऱ्यांत वेगवेगळी मजुरी दिली आणि कारण डोळ्यांना दिसत नसेल तर कमी मिळणारे कामावर येणंच कमी करतात. एकाने जास्त काम केलंय हे सगळ्यांना उघड दिसत असेल तर मात्र वेगळ्या मजुरीचा त्रास होत नाही. कौशल्याप्रमाणे दर वेगळा जरूर ठेवा. फक्त तो कशामुळे वेगळा आहे हे सगळ्या टोळीला दिसलं पाहिजे, आणि ‘बाई आहे म्हणून’ हे कारण त्यात नको.

तुमच्याकडे पेठची टोळी आणि डांगकडची टोळी अशा दोन आहेत आणि पॅकिंगला त्यांची मिसळ केली की भांडणं होतात, असंही लिहिलंय. केनियातल्या एका फुलांच्या पॅकिंग केंद्रातला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, तो इथे लागू पडतो. तिथे एक जण गुलाब निवडून दोघांना पुरवी, ते दोघे जुड्या बांधत. पुरवणारा दुसऱ्या जमातीच्या माणसाला फुलं कमी देई, अगदी स्वतःचं नुकसान सोसून. २००८ च्या सुरुवातीला निवडणुकीनंतरचा हिंसाचार झाला तेव्हा हे वाढलं. मग जुड्या बांधणाऱ्या दोघांना एकत्र मोबदला लावला आणि त्या दोघांत भेदभाव करून कोणाचा फायदा करता येणं बंद झालं. तुम्ही पॅकिंगच्या टेबलाला एकत्र दर लावा, आणि क्रेट टेबलावर कोणी वाटायचे ते दर दोन दिवसांनी बदला. उपदेशापेक्षा याचा गुण लवकर येईल.

टोळी ऐन कामात निघून जाते, या तक्रारीत मी मजुरांच्या बाजूने आहे. पेठ-सुरगाण्याकडे भाताची कापणी आणि झोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. तुमची छाटणी, पेस्ट आणि पुढची फेलफूट (नको असलेली कोवळी फूट काढणं) नेमकी तेव्हाच. स्वतःच्या शेतातला वर्षाचा भात पडून राहिलेला असताना कोणीही दुसऱ्याच्या बागेत थांबणार नाही, आणि थांबू नये. तसाच शिमगा. होळीला त्या भागातला माणूस घरी जातोच, तेव्हा तुमची काढणी चालू असते. हे दरवर्षी ठरलेलं आहे, तरी मालक दरवर्षी त्याला पळून जाणं म्हणतात. जूनमध्ये टोळीबरोबर बसून घरोघरच्या कापणीच्या तारखा लिहून घ्या. छाटणीचे प्लॉट पुढेमागे करा, जाणाऱ्यांना आळीपाळीने पाठवा, गाडी तुमची द्या आणि परत यायचा दिवस बोलून ठेवा. जाताना हिशोब पूर्ण चुकता करा. पैसे अडकवून ठेवले की माणूस परत येतो, हा समज मी अनेक शेतांवर खोटा ठरताना पाहिलाय. अडकलेले पैसे सोडून देणारे लोक त्या बागेचं नाव पाड्यावर सांगतात, आणि पुढच्या वर्षी मुकादमाने जास्त उचल मागितली की मालकाला कारण कळत नाही.

आठवड्याची सुट्टीही यातलीच. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, लोखंडे आणि त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनने त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला. बागेवर राहणाऱ्या टोळीला आजही छाटणी ते काढणी बऱ्याच ठिकाणी सुट्टी नसते. बाजाराचा दिवस पूर्ण सुट्टीचा करा. सातव्या दिवशी कातरलेले घड आणि पहिल्या दिवशी कातरलेले घड शेजारी ठेवून पाहा, मला जास्त सांगावं लागणार नाही.

आणि खाडा झाला की दंड, ही रीत कृपा करून लगेच बंद करा. न आलेल्या दिवसाची मजुरी नाही, इतकं पुरे. वर दंड लावला की आजारी माणूस कामावर येतो. ऊसतोडीत ही रीत कुठवर गेली ते आपण पाहिलं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला, चौकशीला समिती नेमावी लागली, आणि बायकांनी सांगितलेल्या कारणांत पाळीच्या दिवसांतला खाडा आणि त्याचा दंड हेही होतं. पाळीत, तापात, मूल आजारी असताना तुमच्या बागेतली बाई काय करते, हे तुम्हाला माहीत असायला हवं. शौचालय, सावलीतलं पिण्याचं पाणी, लहान मुलांवर लक्ष ठेवायला टोळीतलीच एक बाई पूर्ण रोजाने. हे काही फार खर्चाचं नाही. ज्या बाईचं बाळ झाडाखाली झोळीत रडतंय तिचं लक्ष घडावर राहणार नाही, हे कळायला आकडे लागत नाहीत.

फवारणीचं वेगळं सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली. द्राक्षात फवारण्यांची संख्या कापसापेक्षा कितीतरी जास्त. मास्क आणि हातमोजे खोलीत टांगलेले असून उपयोग नाही, दुपारच्या उन्हात ते कोणी घालत नाही. म्हणून फवारणी पहाटे आणि संध्याकाळी ठेवा, अंगावर घालायच्या गोष्टी हलक्या आणा, फवारणाऱ्याला आंघोळीला पाणी आणि बदलायला कपडे द्या. औषध मारलेल्या प्लॉटमध्ये लगेच बायकांना विरळणीला घालू नका, औषधावर सांगितलेला काळ जाऊ द्या. युरोपातले खरेदीदार ग्लोबलगॅप या शेतमालाच्या प्रमाणपत्राबरोबर ग्रास्प नावाची कामगारविषयक तपासणी मागतात. त्यासाठी कागद रंगवणारे सल्लागार मिळतात, पण न्हावाशेव्याहून जाणाऱ्या कंटेनरसाठी रंगवलेला कागद बागेतल्या माणसाला काही देत नाही.

प्रशिक्षणाचं थोडक्यात. हंगामाच्या पहिल्या दिवशी पूर्ण रोज देऊन काम न करता फक्त शिकवा, आणि शिकवायला गेल्या हंगामातली सर्वांत चांगली विरळणी करणारी बाई उभी करा, जादा पैसे देऊन. नमुन्याचे दोन घड दोरीला टांगून ठेवा, एक बरोबर, एक चुकलेला. कात्री तुमची, धारेची, दर आठवड्याला पाजळलेली.

शेवटी ॲप. ते आत्ता घेऊ नका. सध्या तुमच्याकडे जी हजेरी होते ती मुकादमाच्या वहीत होते आणि मजुराकडे काहीच नसतं. त्यावर ॲप चढवलं तर तीच वही मोबाइलमध्ये जाईल. आधी प्रत्येक मजुराच्या नावाचं हजेरीकार्ड करा, बाईचं वेगळं, गड्याचं वेगळं. रोज संध्याकाळी त्यावर हजेरी, जादा काम, तपासणीचा जादा पैसा आणि उचलीची बाकी लिहायची, आणि कार्ड मजुराकडेच राहायचं. वाचता येत नसेल तर टोळीतल्या शिकलेल्या पोराकडून वाचून दाखवायचं. एक हंगाम हे नीट चाललं की मग ॲप बघा, आणि असं बघा ज्यातून त्या दिवसाचा हिशोब मजुराच्या फोनवर मराठीत जातो. मुलुंडच्या घरी बसून तुम्हाला आलेख दिसतात की नाही, हे त्यानंतर.

छाटणीला अजून वेळ आहे. तोवर गेल्या हंगामाचा मुकादमाचा हिशोब मागवा, आणि त्यातल्या कोणत्याही पाच घरांकडे स्वतः जाऊन त्यांनी सांगितलेला आकडा शेजारी लिहा. दोन्ही रकाने मला पाठवा. फरक किती आणि कुठे पडतोय ते पाहून उचल आणि दर यंदा नेमके कसे बांधायचे ते सांगता येईल.